नौकेचा पंखा आणि दायित्वाचा प्रश्न

नौकाविहारात अपघात घडला, की निर्माता चालकाच्या बेफिकिरीकडे बोट दाखवितो, तर पीडिताचे कुटुंबीय यंत्राच्या रचनेकडे. अमेरिकेत १९९५ मध्ये यंत्रनौकेतून पाण्यात पडलेली एक महिला प्रवासी पंख्याची पाती लागून मरण पावली. पंख्याभोवती संरक्षक जाळी नसणे हा रचनेतील दोष आहे, असा दावा तिच्या पतीने 'मर्क्युरी मरिन' या इंजिननिर्मात्या कंपनीवर गुदरला. तटरक्षक दलाने १९९० मध्ये जाळीची सक्ती न करण्याचे ठरविले होते. कंपनीने तीच ढाल पुढे केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने नाकारली. न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले नाही. मात्र सक्ती नसणे म्हणजे दायित्वातून मुक्तता नव्हे, हे स्पष्ट केले.

चालकही जबाबदारीतून सुटत नाही. २६ फुटांहून लहान यंत्रनौका वेगात हाकताना इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी स्वतःला जोडण्याचे बंधन तेथे एप्रिल २०२१ पासून आहे. कळ बसविणे निर्मात्याचे काम, दोरी अडकविणे चालकाचे. परंतु पाण्यात पडणारा प्रवासी असेल, तर चालकाला बांधलेली दोरी इंजिन थांबवीत नाही. जाळीचा प्रश्न म्हणूनच शिल्लक राहतो.