ईजीआर, टूथब्रश आणि एक पत्रा

परवा शनिवारी देवनारच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह उघडून बसलो होतो. पिकअप गेलेला, चेक इंजिनचा दिवा लागलेला. मेकॅनिक म्हणाला होता, "साफ कशाला करता साहेब? पत्रा मारून बंदच करून टाकू. दिव्याचा कोड पण उडवतो."

म्हणजे आमच्या भाषेत, बग तसाच ठेवून अलर्ट बंद!

ईजीआर धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडतो. त्याने आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. सायन-पनवेल हायवेवर रांगत चाललं की त्याच वाटेत काजळी नि ऑइलची वाफ मिळून डांबर साचतं. पत्रा मारला की इंजिन खूश. पीयूसीवालाही खूश, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाहीच. २०१६ च्या जानेवारीत इथलं डंपिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा खिडक्या लावून जगाला शिव्या घालणारे आपणच ना? मग आपल्या बॉनेटखालचा पत्रा कुठल्या तोंडाने मारायचा?

असो. इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, मोकळ्या हवेत कार्ब क्लीनर नि जुना टूथब्रश घेऊन बसा. मोटरच्या भागावर फवारा नको. गॅसकेट नवीनच टाका. मी जुनं वाचवायला गेलो, रविवारी पुन्हा सगळं उघडलं. टूथब्रश जुना नव्हता, दादाचा होता, हे रात्री कळलं.