पाण्यातल्या रेशमावर औषध ओतू नका

मी मानवत तालुक्यातला शेतकरी. आमचं गाव कापसाच्या बाजाराचं, पण मी तुतीत आणि रेशीमकिड्यांत रमलो. म्हणूनच शेततळ्याच्या गाळात लाल अळ्या दिसल्या की ‘डासाची पिलं’ म्हणत कुणी कीटकनाशक ओततं, ते बघवत नाही.

त्या अळ्या न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या. तोंडातून रेशमी धागा काढून त्या गाळाचे कण जोडतात, नळी करतात आणि आत अंग हलवत पाणी खेचतात. हिमोग्लोबिनमुळे कमी प्राणवायूतही तगतात, कुजका गाळ खातात, माशांचं खाद्य होतात.

वाहत्या पाण्यात याहून थोर कारागीर असतो, कॅडिसफ्लाय. पतंगवर्गाचा हा सगळ्यात जवळचा नातलग. धागा येतो रेशीमकिड्यासारखाच खालच्या ओठाजवळच्या ग्रंथीतून. काही जाती वाळूचे कण जोडून अंगाभोवती घर बांधतात, काही दगडांमध्ये जाळं ताणून वाहतं अन्न धरतात. तुतीवरच्या किड्याला हे कधीच जमणार नाही! ओल्या दगडाला धागा चिकटतो, कारण त्याच्या प्रथिनावर फॉस्फेट असतं आणि कॅल्शियम त्याला घट्ट बांधतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये यावर लिहिलं; शरीराच्या आत, ओल्या जागी चालणारा डिंक त्यांना हवा आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन चालतं. तिथल्या अभ्यासकांनी गोदावरीच्या पाण्यातलं रेशीमही तपासावं. आणि शेततळेवाल्या बांधवांनो, लाल अळ्या दिसल्या तर औषधाची बाटली उघडू नका.