नंबर गेला पुढे, मोबाईल राहिला मागे

गेल्या रब्बीतली गोष्ट. गहू पोटरीत आलेला, पाण्याची पाळी रात्रीची. माझ्या सज्जातल्या एका तात्यांनी मुलाच्या मोबाईलवरून मला फोन केला. म्हणाले, "साहेब, मोटर फोन घेईना. लाईट आलीय, पण रिंगच जात नाही."

त्यांच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. घरातून रिंग द्यायची, मोटर चालू. मी विचारले, कार्डाचे रिचार्ज संपले का? तर रिचार्ज नवे कोरे. मग हळूच निघाले की त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी छत्रीखाली बसलेल्या पोराने तात्यांना गळ घातली होती, "घरातले सगळे नंबर एकाच कंपनीत घ्या, स्वस्त पडतंय." तात्यांनी चार नंबर बदलून घेतले. त्यात स्टार्टरचेही कार्ड होते. ते कार्ड कशात चालवता, हे त्या पोराने विचारले नाही. तात्यांनीही सांगितले नाही.

तात्यांचा स्वतःचा बटणाचा मोबाईलही गप्प झाला. म्हणून ते कार्ड मुलाच्या मोबाईलमध्ये टाकले आणि मुलगा कामाला चाकणला निघून गेला. आधार, बँक, सगळीकडे तोच नंबर. ई-केवायसीच्या दिवशी तात्या सेतू केंद्रात आणि ओटीपी चाकणला. मुलगा कामावर, फोन उचलेना. दोन हेलपाटे झाले. रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागले ते वेगळेच. आमच्या भागात बिबट्याचा वावर आहे, हे वाचकांना मी सांगायला नको.

आता असे बघा, नंबर आणि मोबाईल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. सोय चांगलीच आहे. पण या सोयीने फक्त नंबर पुढे जातो. हातातला डबा नव्या कंपनीच्या जाळ्यावर बोलेल की नाही, याची हमी कोणी देत नाही.

कारण प्रत्येक कंपनीचे जाळे सारखे नाही. बटणाचे जुने मोबाईल आणि बहुतेक जुने मोबाईल स्टार्टर टू-जीवर चालतात. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचे टू-जी अजून आहे. जिओचे जाळे २०१६ पासून सुरू झाले तेच फोर-जीचे, त्यात टू-जी नाहीच. तिथे बोलायला मोबाईलमध्ये व्होल्टी लागते. २०१५-१६ च्या काही फोर-जी मोबाईलमध्ये नेट चालते, पण व्होल्टी नसल्याने साधा फोन लागत नाही. उलटही आहे. जिओफोन किंवा जिओभारत हा बटणाचा मोबाईल स्वस्तात घेतला असेल, तर त्यात दुसऱ्या कंपनीचे कार्ड चालत नाही. आपल्याला हे नवे नाही. २००३ साली ५०१ रुपये भरून रिलायन्सचे मोबाईल घरोघरी आले होते, आठवते ना? कंपनी बदलायची तर तो हँडसेटच बाजूला ठेवावा लागे. अनेकांच्या घरी ट्रंकेत अजून पडलेला असेल.

तिसरी भानगड बँडची. बँड म्हणजे कोणत्या लहरींवर सिग्नल येतो ते. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा खेड्यापाड्यांतून पुष्कळ नंबर बीएसएनएलकडे गेले. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झाले. हे फोर-जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. ७०० ची लहर लांब पल्ल्याची, शिवारासाठी चांगली. पण जुन्या बऱ्याच स्मार्टफोनमध्ये ७०० चा बँड, म्हणजे बँड २८, नसतो. मग टॉवर गावात, शेजाऱ्याला नेट आणि आपल्याला नाही. लोक टॉवरला शिव्या देतात.

मग करायचे काय? सोयाबीन पेरण्याआधी आपण गोणपाटावर १०० दाण्यांची उगवण चाचणी घेतो. ७० उगवले तर बियाणे पेरतो. तसेच इथे करा. ज्या कंपनीत जायचे तिचे कार्ड भावकीत कोणाकडे तरी असतेच. ते एक दिवस आपल्या मोबाईलमध्ये घाला. घरात, वस्तीवर, विहिरीवर, तीन ठिकाणी फोन लावून बघा, दुसऱ्याला उलटा लावायला सांगा, एक एसएमएस मागवा. स्टार्टरमध्येही घालून बघा. स्टार्टरवर फक्त टू-जी किंवा जीएसएम लिहिलेले असेल, तर ते कार्ड बदलूच नका. नवीन घेणार असाल तर फोर-जीवर चालणारा मागा, आता मिळतात.

चाचणी नीट झाली की मगच 'पोर्ट' लिहून एक जागा सोडून आपला नंबर १९०० वर एसएमएस करा. आठ अक्षरी कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. एक लक्षात ठेवा, जुन्या कार्डातली शिल्लक आणि पॅकचे उरलेले दिवस बुडतात. आणि कंपनी बदलली की पुढचे ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. तात्यांना हीच अट आडवी आली.

ज्यांच्याकडे बटणाचा मोबाईल आहे आणि नेट लागतच नाही, त्यांनी बदलण्याआधी आहे त्याच कंपनीत बोलण्यापुरते पॅक विचारावे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने असे पॅक ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. दुकानदार आपणहून सांगत नाही, त्याला त्यात काय मिळणार?

माझे म्हणणे रागाने नाही, पण स्पष्ट आहे. कार्ड विकणारा अंगठा घेतो, फोटो घेतो, आधार घेतो. मग गिऱ्हाईकाचा मोबाईल हातात घेऊन एकदा बघायला त्याला अडचण कोणती? खत विकणाऱ्याला पावती द्यावी लागते, बियाणे विकणाऱ्याला पिशवीवर उगवणशक्ती छापलेली द्यावी लागते. नंबर बदलून देणाऱ्यावरही तशी काही जबाबदारी हवी. हँडसेट तपासल्याची एक ओळ अर्जावर आली तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनाही विनंती आहे. आज शेतकरी ओळख क्रमांक काय, पीएम किसान काय, पीकविमा काय, सगळे ओटीपीवर अडकले आहे. गावात कार्डवाला छत्री टाकायला परवानगी मागायला आला, तर त्याला एवढी अट घाला की मोबाईल बघितल्याशिवाय नंबर बदलायचा नाही. आणि नंबर बदलून बंद पडलेल्यांची नावे ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. ई-केवायसीची मुदत आली की त्यांच्याच घरी आधी जावे लागते, हा माझा अनुभव. हल्ली आम्हाला सहायक कृषी अधिकारी म्हणतात, पण ओटीपी आला नाही की हाक मात्र जुन्याच नावाने येते!

तात्यांनी अखेर स्टार्टरसाठी टू-जीवाल्या कंपनीचे वेगळे कार्ड घेतले. नवा नंबर ऑईलपेंटने स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहिला आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'हे कार्ड हलवू नये.'