शहराला क्रमांक, वस्तीला कचरा

देशातल्या शहरांना स्वच्छतेचे गुण देण्याचा केंद्र सरकारचा उपक्रम २०१६ साली ७३ शहरांपासून सुरू झाला. आता चार हजारांहून अधिक नगरपालिका आणि महापालिका या परीक्षेला बसतात. निकाल लागला की ज्यांचा क्रमांक वर गेला ते सत्कार घेतात आणि ज्यांचा घसरला ते पाहणीच्या पद्धतीला दोष देतात. परीक्षा घेणे गैर नाही. नगरपालिका घराघरातला कचरा किती उचलते, त्यातला किती वेगळा करते आणि किती पुन्हा वापरात आणते, हे मोजलेच पाहिजे. तो जनतेच्या पैशाचा आणि जनतेच्या आरोग्याचा प्रश्न आहे. प्रश्न एवढाच की मोजपट्टी कोणाच्या हातात आहे आणि ती कोणाच्या दारात लावली जाते?

आपल्या छत्रपती संभाजीनगरचेच, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचेच उदाहरण घेऊ. तीन दशकांहून अधिक काळ या शहराने आपला कचरा नारेगावला नेऊन टाकला. रोज शेकडो टन कचरा, ना वर्गीकरण, ना प्रक्रिया. त्याचा धूर, त्याचे घाण पाणी, त्याच्या माश्या आणि मोकाट कुत्री हे सगळे शेजारच्या गावांनी सोसले. अखेर १६ फेब्रुवारी २०१८ पासून मांडकी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला आपला कचरा प्रथमच स्वतःच्या रस्त्यावर दिसला. नवी जागा शोधत पालिकेच्या गाड्या मिटमिट्याला गेल्या. ७ मार्च २०१८ रोजी तिथे दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. पोलीसच घरांवर दगड मारतानाची चित्रफीत बाहेर आली आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्याची घोषणा सरकारला विधिमंडळात करावी लागली. महापालिका आयुक्तांचीही बदली झाली.

याच काळात, म्हणजे जानेवारी ते मार्च २०१८ मध्ये, देशभर स्वच्छ सर्वेक्षणाची पाहणी चालू होती. त्या वर्षी एकूण ४,००० गुण होते. त्यातले १,४०० गुण सेवेच्या प्रगतीबद्दल पालिकेने सादर केलेल्या कागदपत्रांना, १,४०० नागरिकांच्या अभिप्रायाला आणि १,२०० प्रत्यक्ष पाहणीला. म्हणजे डोळ्यांनी दिसणाऱ्या सत्याला सर्वात कमी गुण! नारेगावचा डोंगर तीस वर्षे वाढत होता आणि तो मोजावा असे कोणालाच वाटले नाही. तो मोजला गेला तो गावकरी रस्त्यावर बसले तेव्हाच.

मोजमापाचा हा दोष जुना आहे. २००८ साली केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने नागरी सेवांचे मानदंड ठरवले. घनकचऱ्यासाठी आठ निकष होते. किती घरांपर्यंत सेवा पोचते, किती कचरा गोळा होतो, किती वेगळा होतो, किती पुन्हा वापरात येतो, किती शास्त्रीय पद्धतीने पुरला जातो, तक्रारी किती सुटतात, खर्च किती वसूल होतो आणि शुल्क किती गोळा होते. आठही निकष वाचून पाहा. त्यात कचरा आहे, पैसा आहे, ग्राहक आहे. कचरा उचलणारा माणूस मात्र कुठेच नाही. २०२४ च्या सर्वेक्षणात सफाई कामगारांच्या कल्याणाचा स्वतंत्र विभाग आला, ही चांगली गोष्ट आहे. पण तो दहा विभागांतला एक आहे आणि त्याला यायला इतकी वर्षे लागली.

आकड्यांचे राजकारण आपल्या चळवळीला नवे नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न होता. त्या वेळी काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांनी आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच, असे सांगायला सुरुवात केली. संख्या घटली की वाटा घटणार, हा सरळ हिशेब होता. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्यांनी स्वतंत्र टिपण देऊन अस्पृश्य कोणाला म्हणायचे आणि त्यांची गणना कशी करायची, हा मुद्दा लावून धरला. ज्याला मोजत नाहीत त्याला काही द्यावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तोच डाव आज कचऱ्याच्या टक्केवारीत खेळता येतो. 'घरोघरी संकलन शंभर टक्के' असा फलक लागतो, तेव्हा एकूण घरे किती धरली, हे विचारले पाहिजे. मालमत्ता कराच्या नोंदवहीवरून घरे धरली तर अघोषित झोपडपट्टी, गायरानावरची वस्ती, नाल्याकाठची पत्र्याची घरे हिशेबातच येत नाहीत. नोंदवहीतल्या शंभर घरी गाडी गेली की टक्केवारी शंभर. नोंदवहीबाहेरच्या चाळीस घरांचा कचरा नाल्यात गेला तरी टक्केवारी शंभरच! वास्तविक २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्या धरून प्रत्येक घरातून वर्गीकृत कचरा उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन हे पालिकांचे काम म्हणून नोंदले आहे. तिथे अधिकृत वस्ती आणि अनधिकृत वस्ती असा भेद केलेला नाही.

भेद केला तो व्यवस्थेने. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात कचऱ्याबद्दल जनहित याचिका दाखल केली आणि त्यातूनच पुढे २००० चे घनकचरा नियम आले. हे काम मोठे आहे. परंतु त्याच खटल्यातल्या फेब्रुवारी २००० च्या आदेशात न्यायालयाने दिल्लीच्या घाणीचा संबंध झोपडपट्ट्यांशी जोडला. सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे होय, अशा अर्थाचे विधान केले. बंगल्यातला कचरा कोण उचलतो? त्याच झोपडपट्टीतला माणूस. तो शहर झाडतो आणि शहर घाण केल्याचा ठपकाही त्याच्यावरच!

दुसरा प्रश्न वजनाचा. कचऱ्याचे कंत्राट टनावर दिले जाते. टनामागे पैसे मिळणार असतील तर कंत्राटदाराला कचरा कमी झालेला परवडणारच नाही. ओला-सुका वेगळा करण्यात त्याला रस नाही; गाडी जड झाली की झाले. युरोपातही हा पेच आला होता. तिथे नगरपालिका गोळा केलेला कागद, काच, प्लास्टिक हे सगळे 'पुनर्वापर झाला' म्हणून दाखवू शकत होत्या. मग त्यातला काही भाग जाळला गेला किंवा पुरला गेला तरी चाले. २०१९ मध्ये युरोपीय संघाने मोजण्याची जागाच बदलली. पुनर्वापराच्या कारखान्यात प्रत्यक्ष जे आत जाईल तेवढेच धरायचे, असा नियम केला. आपणही हेच मागितले पाहिजे. घंटागाडीत काय पडले हे सांगू नका. खत किती झाले, गॅस किती निघाला, भंगार कारखान्यात किती पोचले आणि ढिगावर किती गेले, ते सांगा.

भंगाराचा विषय निघाला तर खरे बोलले पाहिजे. या देशात कचऱ्याचा पुनर्वापर नगरपालिकांनी सुरू केलेला नाही. तो पाठीवर पोते घेऊन पहाटे निघणाऱ्या बायांनी केला. या बाया बहुतांश दलित जातींतल्या. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक त्यांनी वेचले, वेगळे केले, दुकानात विकले. शहराचा तेवढा भार कमी झाला आणि पालिकेचा तेवढा वाहतूक खर्च वाचला. पण हे काम कोणाच्या हिशेबात? पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिने वेचकांना ओळखपत्रे मिळवून दिली आणि त्यांच्या कामाचे मोल आकड्यांत मांडले. २००८ पासून याच वेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेबरोबर करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. पुढे २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. कायद्याला हे सुचले ते त्या बाया आधी संघटित झाल्या होत्या म्हणून.

मुंबईचा धडा याहून कडक आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या कायमपणासाठी लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. देशातली सर्वात श्रीमंत महापालिका त्या निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगारांचा हक्क मान्य केला. ज्यांनी वर्षानुवर्षे शहराचा कचरा उचलला ते आपले कामगार आहेत, एवढे कबूल करून घ्यायला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. शहराला स्वच्छतेचे गुण देताना अशा खटल्याचे गुण वजा करण्याचा रकाना कोणत्या तक्त्यात आहे?

बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघाची स्थापना केली, ती याच कारणाने. झाडू मारणे हे पुण्यकर्म आहे, असे कौतुक ऐकून घेण्यास ते तयार नव्हते. जे काम जन्माने गळ्यात बांधले जाते त्याला सेवा म्हणत नाहीत. त्याला हवा असतो पगार, सुट्टी, निवृत्तिवेतन आणि ते काम सोडून दुसरे करण्याची मोकळीक. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रम संहिता लागू झाल्या. जुन्या कायद्यांची नावे गेली, पण किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मागण्याचा हक्क गेलेला नाही, हे प्रत्येक कंत्राटी कामगाराला सांगितले पाहिजे.

तेव्हा मोजपट्टी आता आपण हातात घेऊ. आपल्या पालिकेला पाच प्रश्न विचारा. पहिला, वस्तीनिहाय घंटागाडी आठवड्यातून किती दिवस येते? शहराची सरासरी नको, वस्तीचे नाव आणि दिवस हवेत. दुसरा, गोळा झालेल्या कचऱ्यातला किती खरोखर प्रक्रियेत गेला आणि किती ढिगावर पडला? तिसरा, कामावर किती कामगार आहेत, त्यांतले कंत्राटी किती, पगाराची पावती कोणाला मिळते, हातमोजे, बूट, मास्क शेवटचे केव्हा दिले? चौथा, किती कचरावेचकांना ओळखपत्र आणि कचरा निवडायला छप्पर असलेली जागा दिली? पाचवा, कचरा डेपोशेजारच्या विहिरींचे पाणी शेवटचे केव्हा तपासले आणि अहवाल कुठे आहे? या पाचव्या प्रश्नाचे महत्त्व देवनारला विचारा. तिथे १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वात खालचा क्रमांक लागला तो देवनार ज्यात येते त्या एम पूर्व विभागाचा. कचऱ्याची जागा नकाशा पाहून ठरत नाही, ती माणसांची पत पाहून ठरते.

उत्तरे मिळवायला मोठा खर्च लागत नाही. २०१६ च्या नियमांखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने दरवर्षी ३० जूनपर्यंत नमुना ४ मध्ये वार्षिक अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा होता. माहितीच्या अधिकारात त्याच्या मागच्या प्रती मागा आणि त्यातले आकडे आपल्या वस्तीशी ताडून पाहा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे चार भाग करायचे आहेत. ते आपल्या वस्तीत कसे करणार, याचेही लेखी उत्तर घ्या. त्याबरोबर प्रत्येक विहारात एक वही ठेवा. गाडी कोणत्या तारखेला आली, किती वाजता आली, ओला-सुका वेगळा घेतला की एकत्र टाकला, हे महिला मंडळाने तीस दिवस लिहावे. तीस दिवसांची ती वही पालिकेच्या चकचकीत सादरीकरणाला भारी पडेल. एप्रिल २०२० पासून जवळजवळ सहा वर्षे या शहरात निवडून आलेले सभागृहच नव्हते. जाब विचारायला नगरसेवक नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आहे. आता वही घेऊन कोणाच्या दारात जायचे, ते आपल्याला माहीत आहे.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. फुटलेली काच, ब्लेड, वापरलेले पॅड आपण भाजीच्या देठांत मिसळून देतो, तेव्हा ते वेगळे करणारा हात परक्याचा नसतो. तो आपल्याच बहिणीचा असतो. घरात वेगवेगळे डबे ठेवणे हे तिच्यासाठी करायचे आहे, शहराच्या क्रमांकासाठी नव्हे.

येत्या सर्वेक्षणात आपल्या शहराचा क्रमांक वर जावा, याचा आनंदच होईल. पण तो क्रमांक मान्य करण्यापूर्वी आपल्या वस्तीची वही उघडून पाहू. तिच्यात गाडीच्या तारखा कोऱ्या असतील आणि कामगाराच्या हातात मोजे नसतील, तर तो क्रमांक शहराचा नाही, शहराच्या एका भागाचा आहे, असे आपण ठणकावून सांगू.