झीज विकत घेणारे

फर्निचरच्या मोठ्या दुकानांत हल्ली लेदरचे असे सोफे दिसतात, ज्यांच्यावर अजून कुणीही बसलेलं नाही. तरी त्यांच्या हातांवरचा रंग उडालेला असतो, बैठकीच्या कडा घासलेल्या असतात आणि बटणांभोवतीच्या घड्यांत मळ साचल्यासारखा काळपटपणा असतो. विक्रेता याला 'व्हिंटेज फिनिश' म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. आपल्या घरच्या सोफ्याची हीच दशा झाली असती, तर दिवाळीआधी आपण त्याला खोळ घातली असती.

हे जुनेपण कसं आणतात ते पाहण्यासारखं आहे. जनावराच्या कातडीवर त्याच्या आयुष्याच्या खुणा असतात. गोचिडांचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे, भरून आलेल्या जखमांचे वण. गिऱ्हाइकाला त्या नको असतात. म्हणून बरंचसं चामडं कारखान्यात वरून घासून काढतात, त्यावर रंगाचा जाड लेप देतात आणि तापलेल्या साच्याखाली दाबून एकसारखे दाणे उठवतात. मग या निर्दोष पृष्ठभागावर गडद रंग चढवतात आणि उंचवट्यांवरचा पुसून घेतात. खळग्यांत उरलेला रंग वर्षानुवर्षांच्या वापराचा आभास देतो. हौशी मंडळी घरी हेच काम सँडपेपर, स्पिरिट आणि काळ्या मेणाने करतात. त्यात वरचा संरक्षक लेप जातो आणि घाम, ओल, डाग थेट आत शिरतात. थोडक्यात, खऱ्या खुणा खरवडायच्या आणि त्याच जागी खोट्या उमटवायच्या.

'आवड ज्याची त्याची, यात नीती कुठे आली?' असं कुणी विचारेल. ती धुळीत आहे. चामडं घासलं की बारीक धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीला माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. हा कर्करोग नाकात आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांत होतो. जीन्सची गोष्टही फार जुनी नाही. नवं कापड विटकं दिसावं म्हणून त्यावर वाळूचा फवारा मारत. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, आणि २००९ साली तिथे या पद्धतीवर बंदी आली. वस्तूची झीज खोटी असते, ती करणाऱ्याची खरी.

आपल्याकडे या हौसेला आणखी एक बाजू आहे. विहिरीवरच्या मोटेचं चामडं कमावणारा ढोर समाज आणि चपला शिवणारा चांभार समाज, दोघांनाही याच कातड्याच्या कामापायी गावाने दूर ठेवलं. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल तेलाने आणि पायाच्या घामाने हळूहळू काळवंडते, पायाचा आकार घेते. हीच ती झीज, जिची नक्कल आपण दिवाणखान्यात आणतो. पण चप्पल उसवली की नाक्यावरच्या चांभाराशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि नकलेचे हजारो रुपये मुकाट्याने मोजतो.

आजोबांची आरामखुर्ची ज्याच्या वाट्याला आली नाही, त्याने काय करावं? जुनी वस्तू घ्यावी आणि ती दुरुस्त करणाऱ्याला नीट पैसे द्यावेत. किंवा जाड लेप नसलेलं, डाग-वण दिसणारं चामडं घ्यावं आणि वापरावं. मुलं त्यावर चढतील, चहा सांडेल, डोकं टेकायची जागा तेलाने काळी पडेल. याला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर सोफा नवा दिसेल, कारण तो नवाच असेल.