गाडीच्या घराचा हिशेब

मोटार घ्यायची असेल, तर ती उभी करायला जागा असल्याचा दाखला आधी सादर करावा लागेल, अन्यथा वाहनाची नोंदणीच होणार नाही, असे राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये सांगितले. त्याच वर्षी जानेवारीतही त्यांनी अशा नियमाचे सूतोवाच केले होते. कल्पना तशी नवी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय नगरविकासमंत्री व्यंकय्या नायडू यांनीही हाच विचार बोलून दाखविला होता. दोन्ही कडांना रात्रभर उभ्या असलेल्या गाड्यांमुळे अग्निशमन दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या विचारात काही वावगे वाटणार नाही.

मात्र दाखला मागण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लागायला हवा. गाडीची जागा नेमकी कोणाच्या मालकीची, आणि तिची किंमत प्रत्यक्षात कोण मोजतो? महाराष्ट्रातील शहरांत या प्रश्नाला आज एक उत्तर नाही. बंगल्याला एक, जुन्या सोसायटीला दुसरे आणि नव्या संकुलाला तिसरे. हा गुंता तसाच ठेवून दाखल्याची सक्ती केली, तर जागा वाढणार नाहीत. दाखलाच तेवढा विकाऊ होईल.

अंगणातले गॅरेज

हिशेब सर्वांत उघड दिसतो तो स्वतःच्या भूखंडावरच्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये, म्हणून आरंभ तेथून करू. एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा हे नियमावलीतले किमान माप. पण भिंती उभ्या राहिल्या की हे माप तोकडे पडते. दार उघडून माणसाला बाहेर पडता आले पाहिजे, डिकीतून सामान काढता आले पाहिजे. शिवाय आजची मोठी एसयूव्ही साडेचार मीटरपेक्षा लांब असते. म्हणून तीन मीटर बाय सहा मीटर, म्हणजे सुमारे १९४ चौरस फूट धरणे शहाणपणाचे.

समजा, उपनगरात जमिनीचा भाव चौरस फुटाला ६,००० रुपये आहे. नुसती जागाच साडेअकरा लाखांच्या पुढे जाते. आरसीसी खांब, स्लॅब व फरशीसह बांधकामाला चौरस फुटामागे १,८०० रुपये धरले, तर साडेतीन लाख. शटर, वीजजोडणी आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी आणखी पाऊण लाख. एकूण बेरीज सुमारे १५ लाख ९० हजार रुपये. मध्यम आकाराच्या एखाद्या मोटारीची किंमत यापेक्षा कमी असते! हे भाव उदाहरणादाखल घेतलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या भागातील दर घालून ही बेरीज करून पाहावी. दर बदलले तरी एक गोष्ट बहुधा बदलत नाही. खर्चाचा सिंहाचा वाटा जमिनीचा असतो, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच लिहिला जात नाही. स्लॅबऐवजी लोखंडी खांबांवर पत्रे टाकले की दोन-अडीच लाख वाचल्याचे समाधान मिळते, पण जागा तेवढीच जाते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. बंगल्याच्या बाजूचे सामासिक अंतर नाहीतरी मोकळेच सोडावे लागते. तेथे खोली बांधता येत नाही, मग त्या जागेची पूर्ण किंमत गाडीच्या नावावर कशाला मांडायची? आक्षेपात तथ्य आहे. परंतु ते अंतर हवा, उजेड आणि आगीच्या वेळचा वावर यांसाठी ठेवलेले असते. म्हणूनच त्यात गॅरेज कोठे व किती उंचीचे असावे, याला नियमांचे बंधन आहे आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. पत्र्याची शेड आधी उभी करायची आणि शेजाऱ्याने तक्रार केली की मग वास्तुविशारदाकडे धाव घ्यायची, हा आपल्याकडचा प्रघात. नकाशा मंजूर करून घेण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो. तो वाचविण्यात काही अर्थ नाही.

जोत्याच्या पातळीकडेही फार थोडे लोक लक्ष देतात. जुन्या थरावर नवा थर चढवीत डांबरीकरण होत राहिले, की रस्ता हळूहळू वर येतो. बांधताना रस्त्याच्या बरोबरीत असलेले गॅरेज दहा-पंधरा वर्षांत खोलगट होते आणि पहिल्या जोरदार सरीला गाडीची चाके पाण्यात उभी राहतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने सोसायट्यांच्या वाहनतळांची काय दशा केली, ते शहर अद्याप विसरलेले नाही. जोते उंच घ्यावे तर गाडी चढविण्यासाठी उतार लागतो. तो उतार आपल्या फाटकाच्या आत बसवायचा असतो. बहुतेक जण तो पदपथावर उतरवितात. हे अतिक्रमण आहे, आणि त्याची किंमत चालणारे मोजतात. गॅरेज बांधतानाच विजेच्या गाडीसाठी नळी टाकून ठेवावी, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. सात किलोवॉटच्या चार्जरला स्वतंत्र जोडतार लागते आणि मंजूर वीजभारही बहुधा वाढवून घ्यावा लागतो. भिंती पूर्ण झाल्यावर हेच काम तोडफोड करून महागात पडते.

‘गॅरेज’ म्हणजे काय?

बंगलेवाल्याला निदान एवढे ठाऊक असते की, जागा आपली आहे. सदनिकाधारकाची गोष्ट निराळी. त्याच्या बाबतीत ‘गॅरेज’ या एका शब्दावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली. दहिसरमधील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीखालील स्टिल्टमधील वाहनांच्या २५ जागांवर आपलाच हक्क असल्याचा दावा विकासक नहालचंद लालूचंद कंपनीने केला होता. १९६३ च्या सदनिका मालकी हक्क कायद्यात, म्हणजे ‘मोफा’मध्ये, सदनिकेच्या व्याख्येत गॅरेजचा समावेश आहे. तेव्हा स्टिल्टमधील जागा म्हणजे गॅरेज ठरली असती, तर ती सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता आली असती. न्या. आर. एम. लोढा व न्या. ए. के. पटनाईक यांच्या पीठाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी हा दावा फेटाळला. इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा गाडी उभी करण्यास उपयोगी असली तरी ती गॅरेज नव्हे, ती सामायिक क्षेत्राचा भाग आहे आणि विकासकाला ती विकता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता.

या निकालामागील न्याय समजण्यासाठी चटईक्षेत्राचे गणित ध्यानात घ्यावे लागते. नियमानुसार ठेवलेली वाहनांची जागा साधारणपणे चटईक्षेत्र निर्देशांकात मोजली जात नाही. म्हणजे समाजाने ही सवलत दिली ती गाड्या रस्त्यावर येऊ नयेत म्हणून. तीच जागा खोलीसारखी बाजारात विकायची, तर सवलतीचा लाभ कोणाला मिळाला? आणि हे गणित रहिवाशांनाही लागू आहे. आपल्या वाट्याच्या स्टिल्टला भिंत घालून वर शटर बसविणारे सभासद प्रत्येक सोसायटीत सापडतात. त्यांच्या लेखी ते ‘गॅरेज’ असते. महापालिकेच्या लेखी ते अनधिकृत बांधकाम ठरते.

त्यानंतर २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि चित्र पुन्हा पालटले. या कायद्याने गॅरेजची व्याख्याच केली. छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा म्हणजे गॅरेज. उघड्या आकाशाखालील जागा सामायिक क्षेत्रात गेली. पण महाराष्ट्राच्या नियमांनी या दोहोंमध्ये ‘आच्छादित वाहनतळ’ असा तिसरा प्रकार ठेवला. त्यात तळघर, स्टिल्ट, पोडियम आणि यांत्रिक वाहनतळ असे सगळे आले. जुलै २०२१ च्या परिपत्रकात महारेराने खुली जागा विकता येणार नाही, मात्र गॅरेज व आच्छादित जागा मोबदला घेऊन देता येईल, असे स्पष्ट केले. २०१० मध्ये जे विकाऊ नव्हते, ते नव्या प्रकल्पात करारनाम्यात किमतीसह लिहिता येऊ लागले.

एकाच गल्लीत १९९५ ची इमारत आणि २०२२ ची इमारत शेजारी शेजारी उभी असते. पहिल्यातील स्टिल्ट सर्वांचे, दुसऱ्यातील पैसे मोजणाऱ्याचे. जागा दिसायला सारखीच. जाणकार वकिलाला हा भेद पाच मिनिटांत सांगता येईल, पण नोंदणी कार्यालयात दाखला तपासणाऱ्या लिपिकाकडून तीच अपेक्षा कशी करायची?

पैसे मोजूनही जागा वापरता येईल, याची शाश्वती नव्हती. तुळई आड येते, खांबामुळे दार उघडत नाही, शेजारची गाडी काढल्याशिवाय आपली निघत नाही, अशा तक्रारी साचल्यावर एप्रिल २०२४ मध्ये महारेराने आच्छादित जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतील तिचे नेमके स्थान करारनाम्यासोबतच्या जोडपत्रात नमूद करणे बंधनकारक केले. हे पाऊल योग्यच होते. घर घेणाऱ्याने ते जोडपत्र स्वयंपाकघराच्या मापाइतक्याच बारकाईने वाचावे. यांत्रिक वाहनतळ असेल तर आणखी सावध राहावे. यंत्र विकासक बसवितो, पण त्याची देखभाल, सुटे भाग आणि वीजबिल पुढे सोसायटीच्या गळ्यात येते. दोन मजली यंत्रावरची वरची गाडी रात्री अपरात्री रुग्णाला घेऊन निघण्यासाठी काढायची असेल आणि त्याच वेळी वीज गेली असेल, तर काय होते, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

न दिसणारे भाडे

समजा, एका आच्छादित जागेची किंमत आठ लाख रुपये आहे. आठ टक्के दराने वर्षाचे व्याज ६४,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,३०० रुपयांहून अधिक. गाडीच्या घराचे हे खरे भाडे. ज्या सोसायट्यांत जागा सामायिक आहे, तेथे आकारले जाणारे पार्किंग शुल्क बहुधा काही शेकड्यांत असते. मधला फरक कोण भरतो? उघड आहे, गाडी नसलेले सभासदही भरतात. पोडियमचा खर्च सदनिकेच्या दरात मिसळलेला असतो आणि बसने जाणारी निवृत्त शिक्षिकाही तो फेडते. सर्वसाधारण सभेत हे शुल्क वाढविण्याचा ठराव आला की मते कशी पडतात, हे ज्याने सचिवपद भूषविले आहे त्याला विचारावे.

ज्यांना तेवढीही जागा नाही, त्यांना रस्ता आहे, आणि तो फुकट आहे. दाखल्याच्या चर्चेत जपानचा दाखला हमखास दिला जातो. तेथे १९६२ पासून मोटारमालकाला गाडीच्या जागेचे प्रमाणपत्र पोलिसांकडून घ्यावे लागते आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. पण त्याच कायद्यात रात्री आठ तासांहून अधिक काळ गाडी रस्त्यावर ठेवण्यासही मनाई आहे, हा भाग आपल्याकडे सोयीस्करपणे गाळला जातो. रस्ता फुकट नसल्यामुळे तेथे महिना भाड्याने जागा देणारे खासगी वाहनतळ गल्लोगल्ली उभे राहिले. आपल्याकडे पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये अवघ्या पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर शुल्क घेण्याचे धोरण मंजूर केले, आणि ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. समोरचा रस्ता विनामूल्य असताना महिना पाच हजारांचे गॅरेज कोण बांधील किंवा भाड्याने घेईल?

धोरणातील विसंगती येथेच संपत नाही. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वाहनांच्या सक्तीच्या जागा कमी केल्याच्या विरोधात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या सुनावणीत, ऐपत आहे म्हणून एका कुटुंबाला चार-पाच मोटारी घेऊ देता येणार नाहीत, असे मत न्यायालयाने व्यक्त केले होते. सक्तीच्या जागा कमी करणे हे एक धोरण असू शकते. जागेच्या दाखल्याशिवाय गाडी नाही, हेही एक धोरण असू शकते. किंबहुना दोन्ही एकत्र राबविली तर गाड्यांची वाढ खरोखरच रोखली जाईल. पण मग त्याचा भार कोणावर पडणार, हेही सरकारला स्पष्ट बोलावे लागेल. तो पडेल दादर-गिरगावातल्या, सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतींतील रहिवाशांवर आणि भाडेकरूंवर. त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा दाराशी मोटार असेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. नव्या संकुलात दोन जागा विकत घेणाऱ्याला मात्र दोन दाखले सहज मिळतील.

राहता राहिला दाखल्यावरच्या सहीचा मुद्दा. मंत्र्यांच्या सांगण्याप्रमाणे हे प्रमाणपत्र संबंधित महापालिकेने द्यायचे आहे. परंतु सोसायटीतील कोणती जागा कोणाला दिली, याची नोंद महापालिकेकडे नसते. ती व्यवस्थापन समितीच्या दप्तरात असते. आदर्श उपविधींनुसार जागांपेक्षा इच्छुक सभासद अधिक असतील तर वाटप दरवर्षी चिठ्ठ्या टाकून करायचे आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. यंदा चिठ्ठी निघाली म्हणून ज्याला दाखला मिळाला, त्याची पुढच्या वर्षी निघाली नाही, तर त्याच्या गाडीचे काय करायचे, हे नियम लिहिणाऱ्यांना आधी ठरवावे लागेल.