कॉरिडॉरला खिडकी हवी

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चेन्नईत ओएमआरवर (जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर), पल्लिकरणैला, पोरूरला ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येकांत लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं की भरदुपारीही दिवा लागतो. दोन्ही अंगांना बंद दारं, मध्ये बोळ, टोकाला कोरी भिंत. दारांच्या आत एसी गारठा देतात आणि बोळात सांबार, कापूर नि ओल्या चपलांचा वास मुक्कामाला असतो. प्रत्येक मजल्याच्या कॉरिडॉरला बाहेरची हवा थेट मिळालीच पाहिजे आणि ती नियमाने मिळाली पाहिजे, एवढीच मागणी आहे. तिची कारणं पुढे देतो.

1. नियम खोलीच्या उंबऱ्यावर थांबतो. राष्ट्रीय इमारत संहिता (2016) राहत्या खोलीबद्दल स्पष्ट बोलते. कोरड्या उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांची उघडीप जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश हवी, दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश. चेन्नई दुसऱ्या वर्गातली. जिन्याचीही सोय संहितेने पाहिली आहे: प्रत्येक लँडिंगला बाहेरच्या भिंतीत 0.5 चौरस मीटर उघडीप. कॉरिडॉरची चौकशी मात्र मुख्यतः रुंदीची आणि बाहेर पडण्याच्या अंतराची होते. माणूस तिथे राहत नाही, नुसता ये-जा करतो, असा यामागचा हिशेब असावा. पण संध्याकाळी पोरं खेळतात कुठे, आजी-आजोबा फेऱ्या मारतात कुठे, हे कोणत्याही मजल्यावर जाऊन पाहावं. तमिळनाडूने 2019 मध्ये विकास आणि बांधकामाची नियमावली राज्यभरासाठी एकत्र केली. तिच्यात एक कलम वाढवावं: कॉरिडॉरच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-दशांश उघडीप, आणि तीही बाहेरच्या भिंतीत.

2. इमारतीला मोकळी हवा लागते, हे मुंबईला प्लेगने शिकवलं होतं. 1896 च्या साथीनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन धरला. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सोडायची. पुढे शंभर वर्षांनी त्याच शहरात गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर अंतर ठेवलं गेलं. तिथे कोंडलेली हवा आणि क्षय यांचं नातं 2018 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात दिसलं. शिकलेलं विसरता येतं, म्हणून ते कागदावर हवं.

3. ओटीएस म्हणजे हवा नव्हे. चेन्नईचा बिल्डर नकाशावर बोट ठेवून सांगतो, ‘ओटीएस दिलंय सर’. ओटीएस म्हणजे वर आकाश दिसेल असा चौकोनी कूपक. ताबा मिळाल्यावर त्यात डोकावून पाहा: आठ मजल्यांचे एसी आपली गरम फुंकर तिथेच सोडतात, सांडपाण्याचे पाइप तिथूनच उतरतात आणि पावसाचं पाणी येतं म्हणून कोणीतरी माथ्यावर पत्रा टाकलेला असतो. अशा अरुंद कूपकाची भीती काल्पनिक नाही. 2003 च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 300हून अधिक रहिवाशांना लागण झाली. न्हाणीघरांच्या जाळ्यांखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं, पंखे सांडपाण्याच्या पाइपातली हवा खेचणारे, आणि दोन विंगांमधला कूपक ती हवा मजल्यामजल्यावर पोचवणारा.

4. खरं भय धुराचं. 22 ऑगस्ट 2018 ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि 4 जण गेले. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग पेटली ती खाली, गाड्या उभ्या करतात तिथे. माणसं होती वर, आणि धूर वर चढला. चेन्नईची नेहमीची रचना हीच आहे: खाली स्टिल्ट पार्किंग, त्यातूनच वर जाणारा जिना आणि लिफ्ट.

यावर तज्ज्ञ म्हणतील, उंच इमारतीत जिन्याला अग्निरोधक, आपोआप मिटणारं दार असतं, धूर तिथे अडतो. बरोबर. पण ते दार प्रत्यक्षात कसं असतं? विटेने, कुंडीने, नाहीतर जुन्या सिलिंडरने अडवून सताड उघडं. वॉचमन बंद करतो, दहा मिनिटांत कोणीतरी उघडतो. हे रहिवासी बेपर्वा नाहीत. बोळात गुदमरतं आणि जिन्याच्या खिडकीतूनच काय ती झुळूक येते. कॉरिडॉरला स्वतःची खिडकी मिळाली तरच ते दार बंद राहील. परिपत्रकं चिकटवून ते बंद राहत नाही, हे आतापर्यंत सगळ्यांना कळलं असावं. ताज्या हवेचं कलम म्हणूनच अग्निसुरक्षेच्या प्रकरणात बसवायला हवं.

5. डास, पाऊस, चोर. आक्षेप खरे आहेत. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर तिरका आत येतो, डास तर बारमाही. पण जुन्या चार मजली इमारतींच्या जिन्यांना सिमेंटची जाळी असायची. तिरक्या पट्ट्या, आतून डासांची जाळी, बाहेरून ग्रिल, हे सगळं इथल्या कोणत्याही गवंड्याला जमतं. जाळीने वारा घटतो, तेव्हा उघडीप थोडी मोठी ठेवावी. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, त्याला येण्याइतकीच जाण्याचीही वाट लागते. एका टोकाची खिडकी म्हणजे अर्धंच काम. सरकत्या काचा मात्र नकोत, त्या पहिल्या पावसात बंद होतात आणि बंदच राहतात.

6. ‘एक्झॉस्ट फॅन लावू.’ लावा, पण भरवसा त्यावर ठेवू नका. डिसेंबर 2016 मध्ये वरदा आणि डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग वादळानंतर शहराचे कित्येक भाग दिवसचे दिवस विजेविना होते. जनरेटर असला तर आधी लिफ्ट आणि पाण्याचा पंप.

7. पैसे आपणच भरतो. रेराच्या 2016 च्या कायद्यात जिने, लिफ्ट, लॉबी ही सामाईक जागा आहे. ती बिल्डरने दिलेली भेट नव्हे. चौरस फुटांचा दर ठरतो त्यात ती मोजलेली असते.

8. नवा नियम येईल तेव्हा येईल. उभ्या इमारतींत असोसिएशनला (इकडे सोसायटी म्हणत नाहीत) पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव करता येतील: ओटीएसच्या माथ्यावरचा पत्रा काढणे, लँडिंगच्या खिडक्यांना बसवलेल्या काचा उतरवणे, कॉरिडॉरमधली चपलांची कपाटं आणि सायकली हलवणे. तिसऱ्या ठरावावर सर्वात जास्त भांडण होईल. टोकाची भिंत फोडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. बऱ्याचदा ती नुसती विटांची भरण असते, पण कॉलमच्या मधली काँक्रीटची भिंत असेल तर तिला हात लावू नये.